तुरीची नोंदवही: शेंगेपासून चुणीपर्यंत

२४ नोव्हेंबर २०२४

काम ठरलं ते असं. निलंगा तालुक्यातल्या आमच्या गावात तुरीचं जे जे काही होतं ते या हंगामात लिहून काढायचं, आणि फेब्रुवारीत बचत गटाच्या बायकांनी जात्यावर डाळ करायची. पहिलं वाचनालयासाठी, दुसरं गटाच्या विक्रीसाठी. वही मात्र एकच ठेवतोय, कारण माणसं तीच आहेत.

सोयाबीन निघाल्यामुळे तासातली तूर आता मोकळी झालीय. आमच्याकडे मुख्यतः दोन वाण: बीडीएन ७११, पांढऱ्या दाण्याचा, साधारण पाच महिन्यांत येणारा, आणि बीएसएमआर ७३६, लाल दाण्याचा, त्याहून महिनाभर उशिरा. दोन्ही जालना जिल्ह्यातल्या बदनापूर केंद्राचे. पहिल्याच्या शेंगा भरू लागल्यात, दुसरा अजून पिवळाधमक फुलात आहे. मर आणि वांझ रोगाला हे वाण दाद देत नाहीत म्हणून टिकले. जुनी गावरान तूर कुणाकडे आहे का विचारत फिरलो. बांधावर चार झाडं असलेली घरं सापडली, पण ती झाडं शेंगा खायला आणि सावलीला. पेरा कुणाचाच नाही.

बोरसुरी आमच्याच तालुक्यातलं. तिथल्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून चौकात सगळेच तुरीचे जाणकार झालेत, त्यामुळे माहिती काढायला फारसे कष्ट पडत नाहीत. गाळायला पडतात.

८ डिसेंबर

ओल्या शेंगांचे दिवस सुरू झाले. हे जेमतेम दीड महिना चालतं आणि तुरीची खरी चव याच दिवसांत असते, असं माझं मत. शेंग हिरवी पण दाण्याने फुगलेली हवी. अंगावरच्या तांबूस रेघा गडद होऊन शेंग पिवळी पडू लागली की दाणा पिठूळ होतो. जाड बुडाच्या पातेल्यात शेंगा, त्या बुडतील एवढं पाणी, मूठभर खडेमीठ, वर झाकण. पाणी आटत आलं की उतरवायच्या. टोक दातात धरून ओढली की चार-पाच दाणे तोंडात येतात, साल हातात राहते. भोक पडलेली शेंग बाजूला टाकायची, आत घाटेअळी असते.

शेजारची वहिनी यवतमाळकडची. तिच्या माहेरी या दाण्यांना सोले म्हणतात आणि थंडीभर सोल्यांवर स्वयंपाक चालतो. तिने सोले-वांगी करून दाखवली. दाणे थोड्या तेलावर परतून घेतले, हिरवी मिरची, लसूण आणि कोथिंबिरीसोबत पाट्यावर भरड वाटले. भरडच, गंध झाला तर भाजीचं पिठलं होतं. मग कांदा, वांग्याच्या फोडी, वाटण, आणि वरून थोडे अख्खे सोले. आत्या बघत होती. म्हणाली, "वाटायचं कशाला गं? दात नाहीत का तुमच्याकडं?" वहिनी म्हणाली, "आत्याबाई, खाऊन तर बघा." आत्याने दोनदा घेतली, मत मात्र बदललं नाही.

सोलेभाताचीही कृती लिहून घेतली. त्यात वाटण नाही, अख्खे दाणे तांदळाबरोबरच शिजतात, आणि वरून कच्चं तेल घेतात.

३० डिसेंबर, वेळा अमावस्या

आज जिल्ह्याला सुट्टी. लातूर, धाराशिव, सोलापूरचा काही भाग आणि पलीकडे बीदर-कलबुर्गी मुख्यतः याच पट्ट्यात हा सण आहे. बाहेरच्या माणसाला मार्गशीर्ष अमावस्येला शहर ओस का पडतं ते कळत नाही. ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी शेतावर बोलावतंच.

कडब्याची खोप, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड म्हणजे पांडव, शेजारी आंबिलीचं मडकं. पूजेचं एवढं पुरे, मला भज्जीचं, म्हणजे आजच्या मिसळीच्या भाजीचं लिहायचंय. आमच्या बहुतेक सणांत तूर वरणाच्या रूपाने ताटात येते. इथे ती हिरवी येते.

कालची रात्र सोलण्यात गेली. तुरीचे दाणे, ओला हरभरा, वाटाणा, वालाचे दाणे. मेथी, पालक, चुका, कांद्याची पात, गाजर. भिजवलेले शेंगदाणे. आत्याचा क्रम ठरलेला: सगळ्यांत आधी तूर, कारण या सगळ्यात तीच चिवट. ती बोटाने दबायला लागली की बाकीचे दाणे, मग गाजर, शेवटी पाला. पाल्यातलं पाणी सुटून वर आलं की पाण्यात कालवलेलं बेसन धार धरून सोडायचं आणि हात थांबवायचा नाही. चिंचेचा कोळ चुक्याचा अंदाज घेऊन. फोडणी वेगळ्या कढईत, लसूण लाल होईपर्यंत, ती वरून.

मी आत्याला विचारलं, तूर कमी असली आणि वाटाणा जास्त घातला तर? "मग ती भज्जी नाही, लग्नातली भाजी," एवढंच उत्तर. खरं आहे. वाटाणा गोड, वाल मऊ. बेसनाच्या आणि पाल्याच्या गाळात दाताखाली काहीतरी लागायला हवं, जरा तुरट, ते तुरीचं. शहरात आजकाल गोठवलेल्या वाटाण्यावर भज्जी करतात, ती आमटीसारखी लागते ती यामुळेच.

सोबत बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर. हरभऱ्याच्या शेतात बसून जेवल्यावर आज काही लिहिणं होणार नव्हतं. हे रात्री लिहितोय.

१३ जानेवारी २०२५, भोगी

भोगीच्या भाजीतही तुरीचे दाणे पडले, पण थोडे. यंदा बहुतेक रान वाळत आलंय. उशिराच्या लाल तुरीवरच काय त्या शेंगा. तिळाची बाजरीची भाकरी, लोणी. वेगळी नोंद करण्यासारखं काही नाही.

२० जानेवारी

काढणी. सकाळी दवात कापायची. ऊन चढल्यावर कापली तर शेंगा तडकून दाणे रानातच पडतात. पेंढ्या बांधून उभ्या करून ठेवायच्या, आठवडाभराने बडवायच्या.

इथे एक गोष्ट लक्षात आली, तिच्यावर पुढची बरीच कामं अवलंबून आहेत. मळणीयंत्रात झाड अख्खं घातलं की दाणा स्वच्छ निघतो, पण खोडांचा तुकडा तुकडा होतो. बडवून काढलेल्या तुरीच्या तुराट्या, म्हणजे वाळकी खोडं, अख्ख्या राहतात. म्हणजे यंत्र आलं आणि गावातून तुराटीच संपली. कुडाच्या भिंती, खोपीचे ताटवे, परसातला आडोसा, खराटे, कोंबड्यांचं डालगं, भाजीच्या वेलाला आधार, चुलीचं जळण, एवढं सगळं त्या एका काडीवर होतं. लोक म्हणतात प्लास्टिकने टोपल्या घालवल्या. आमच्याकडे तरी टोपलीचं सामान आधी गेलं, टोपली नंतर.

तुराटीचं जळण झरझर पेटतं आणि लवकर विझतं. भाकरीला उत्तम, वरणाला नको. वरणाला बाभळीचं लाकूड.

झाडाखाली गळालेला पाला रानातच राहतो. ही फुकटची खताची मात्रा, शिवाय मुळावरच्या गाठींनी हवेतला नत्र धरलेला असतोच. खळ्यावरचा पाला, शेंगांची टरफलं मिळून गुळी होते, ती जनावरांना. शेळ्या तर खळ्यावरून हलत नाहीत.

आम्ही दोन बांधांची तूर मुद्दाम बडवून घेतली. मजूर हसले. मजुरीचा हिशेब काढला तर हसू बरोबरच होतं.

२ फेब्रुवारी

कणगीचं, म्हणजे धान्य साठवायच्या मोठ्या विणलेल्या टोपलीचं काम. शेजारच्या गावातले एक आजोबा, कैकाडी समाजातले, हंगामात गावोगाव फिरून कणग्या विणायचे. आता विणायला कुणी बोलवत नाही. त्यांना आपल्या तुराट्या दाखवल्या. त्यांनी एकेक वाकवून बघितली, अर्ध्या बाजूला टाकल्या. जाड त्या उभ्या दांड्यांना, बारीक फांद्या विणायला, आणि विणायच्या त्या रात्रभर पाण्यात.

बूड घातलं तेव्हा उभ्या काड्या मोजल्या आणि एक जादा खोवली. मी विचारलं, ही कशाला? म्हणाले, "जोडीनं असल्या की दुसऱ्या फेऱ्याला काडी परत त्याच बाजूनं जाती. पकड बसत नाही." एक आत, एक बाहेर असा फेरा गोल फिरत राहायचा, तर संख्या विषमच हवी. कागदावर काढून बघितलं, पटलं.

कमरेएवढी कणगी दुपार कलेपर्यंत झाली. वर खाली निमुळती, मध्ये पोट. आतून-बाहेरून शेणमातीचा हात दिला. वाळल्यावर तीत यंदाचं बियाणं राहणार: राख चोळून, मध्ये मध्ये कडुलिंबाचा पाला घालून.

त्यांच्या बोलण्यातच पुढच्या कामाचं उत्तर मिळालं. पूर्वी एवढ्या मोठ्या कणग्या घरोघर असताना बायका फाल्गुनाच्या आतच तुरीची डाळ का करून टाकायच्या, हे मला उमगत नव्हतं. आजोबा म्हणाले, अख्ख्या तुरीला भुंगा लागतो, डाळीला तेवढा लागत नाही. भुंग्याची मादी अंडी घालते ती अख्ख्या दाण्याच्या सालीवर, आणि अळी तिथून आत शिरते. साल काढून दाणा फोडला की तिचा संसार मोडतो. म्हणून बियाण्यापुरती अख्खी, खाण्याची सगळी डाळ, आणि तीही कडक ऊन आणि रिकामे हात दोन्ही असतात त्या दिवसांत.

९ फेब्रुवारी

गटाची बैठक. डाळ कशी करायची यावर एकमत नाही.

तुरीची साल सहज सुटत नाही. सालीखाली डिंकासारखा थर असतो, त्याने ती दाण्याला चिकटलेली असते. हरभरा जात्यात घातला की साल उडते. तूर तशी घातली तर दाण्याचा चुरा होतो आणि साल तिथेच. त्यामुळे आधी तो थर सैल करायचा. गावात त्याच्या दोन रीती.

एक तेल-पाण्याची. जात्याचा वरचा दगड जरा उचलून तूर एकदा फिरवून काढायची, म्हणजे साल खरवडते पण दाणा फुटत नाही. मग करडीच्या तेलाचा हात, रात्री ढीग करून गोणपाटाखाली, दिवसा ऊन, संध्याकाळी पाण्याचा शिपका, पुन्हा ढीग. तीन-चार उन्हं.

दुसरी मातीची. तूर भिजवायची, निथळायची, लाल मातीचा काला चोळून रात्रभर ढीग, मग कडकडीत वाळवायची, माती चाळून काढायची आणि भरडायची. आमची माती काळी. लाल माती बीदरच्या बाजूने आणायची. मामींचं माहेर तिकडचं, त्या मातीच्या बाजूने. आत्या तेलाच्या. प्रश्न डाळीचा कमी आणि माहेरचा जास्त आहे असं मला वाटलं, पण ते वहीतच बरं.

ठरलं: दहा-दहा किलो दोन्ही रीतींनी. तूर एकच, पांढरी, चाळणीने सारख्या दाण्याची केलेली.

१६ फेब्रुवारी

भरडणं झालं. जातं घरी टाकवून घेतलं होतं. गुळगुळीत झालेल्या जात्यावर हे काम होत नाही.

मातीची डाळ बघून सगळ्याच गप्प झाल्या. साल एका फेऱ्यात सुटली. दळं मोठी, अख्खी, तुकडा कमी. नीट बघितलं तर प्रत्येक दळाला मधोमध किंचित खड्डा, भिजून पुन्हा वाळल्याची खूण. तेल-पाण्याच्या डाळीला दोन फेरे द्यावे लागले, कडा झिजल्या, कणी जास्त पडली. सुपात पाखडताना मामी काही बोलल्या नाहीत, पण पाखडण्याचा आवाज जरा मोठा होता.

वजन: मातीची दहा किलोला सात किलोच्या आतबाहेर डाळ, तेलाची साडेसहा. गिरणीत सत्तर ते पंचाहत्तर टक्के उतारा मिळतो, आणि दाण्याची सगळी साल काढून एक कणही वाया गेला नाही तर पंच्याऐंशीच्या आसपास निघायला हवी. म्हणजे जात्यावर आपण फार मागे नाही. पण चार बायकांचे किती दिवस, ते या हिशेबात नाही.

१७ फेब्रुवारी

शिजवून बघितलं. एकाच चुलीच्या दोन तोंडांवर, सारखी पातेली, विहिरीचं पाणी. बोरचं पाणी कुणी घेऊच दिलं नाही. जड पाण्यात डाळ शिजत नाही हे इथे पोरीबाळींनाही ठाऊक. चिमूटभर हळद, दोन थेंब तेल, मीठ नाही. मीठ डाळ मोडल्यावर.

तेल-पाण्याची अर्ध्या तासात मोडली. पळी फिरवली की वरण. मातीची मात्र पाऊण तास उलटला तरी बोटाला लागत होती. शेवटी शिजली, पण दळ दळ वेगळं दिसेल अशी. घोटल्यावरही रवाळ राहिली.

मामींना वाईट वाटेल अशी भीती होती. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं ही वरणाला नसतेच बाबा. ही ठेवायची, वर्षभर. डाळकांद्याला, फुणक्याला, भिजवून वाटायच्या कामाला. वरणाची वेगळी करतो, थोडी थोडी, तेलाची." हे त्यांनी बैठकीत सांगितलं असतं तर निम्मा वाद वाचला असता. पण बैठकीत कुणी विचारलंच नव्हतं की कशासाठी करता.

तेवढ्यावर थांबलो नाही, दोन्हींचे पदार्थ केले. तेलाच्या डाळीचं साधं वरण: हिंग, हळद, गुळाचा खडा, तूप. लसूण नाही, हे नैवेद्याचं. त्याच डाळीत अंबाडीची पातळ भाजी, ज्वारीच्या कण्या घालून. मातीच्या डाळीचे फुणके: भिजवून भरड वाटली, हिरवी मिरची, लसूण, जिरं, कांदा, लांबट मुटके करून वाफवले, ताकाच्या कढीत चुरून खाल्ले. फुणके आमचे नव्हेत, खानदेशाकडचे. मामींच्या जाऊबाई जळगावच्या, त्यांच्याकडून आले. रवाळ डाळीचे ते हलके झाले, तेलाच्या डाळीचे घट्ट बसले.

२६ फेब्रुवारी

लातूरला जाऊन एक डाळमिल बघून आलो. तत्त्व तेच, आत्याचं: खरवडणं, तेल, ढीग, ऊन, पाणी, फोडणं. फक्त जात्याच्या जागी एमरीचा खरखरीत थर लावलेले रोल आणि गोणपाटाच्या जागी सिमेंटचे मोठे ओटे. वरच्या प्रतीला फटका म्हणतात, खालोखाल सव्वा नंबर. पॉलिश हवं असेल तर शेवटी घासून चकाकी देतात. मालक म्हणाले, गिऱ्हाईक मागतं म्हणून. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी दाल मिल गटाला परवडेल का, याची चौकशी सुरू केलीय.

बाजारात तूर यंदाच्या, क्विंटलला ७,५५० रुपयांच्या हमीभावाच्या खाली होती. अडतीवर बसलेले सगळे आयातीवर बोलत होते: बर्माची लेमन नावाची तूर, मोझांबिकची तूर, आणि शुल्कमाफी ३१ मार्च २०२६ पर्यंत वाढवलेली. गटात मात्र डाळीचे पैसे आल्यावर काय घ्यायचं यावर आत्तापासून दोन तट पडलेत. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.

वाचनालयाच्या फलकासाठी एक ओळ नक्की केली: तूर मूळची भारतातलीच, तिचं रानटी भावंड ओडिशा-बस्तरच्या जंगलात आजही सापडतं, आणि अमरावती जिल्ह्यातल्या तुळजापूर गढीच्या उत्खननात सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीचे तुरीचे दाणे मिळालेत. खाली कंसात लिहावं लागेल की हे आईचं तुळजापूर नव्हे, नाहीतर गावात वेगळीच बातमी पसरेल.

९ मार्च

उरलंसुरलं. चुणी म्हणजे साल, कोंडा आणि बारीक कणी. भिजवून दुभत्या म्हशीला. ती गटातल्या म्हैसवाल्यांनी आधीच वाटून घेतली, वजन करायला मिळालं नाही. जाड कणीची धिरडी होतात, तांदळाची कणी मिसळून. अख्ख्या तुरीच्या घुगऱ्या: रात्रभर भिजवून उकडायच्या, वर कांदा, तिखट, कच्चं तेल. तोंड आलं की तुरीचा कोवळा पाला चावतात; तीन घरांत ऐकलं, गुण येतो की नाही ते डॉक्टरांनी सांगावं. वरणाच्या वरचं पाणी तान्ह्या लेकराला आणि तापातून उठलेल्याला, हे घरोघर. शिळ्या वरणाची वरणफळं मुलांसाठी लिहायची राहिली होती, ती आज वहिनीकडून घेतली. तिच्याकडे त्यांना चिकोल्या म्हणतात आणि कणकेत ओवा घालतात.

विक्रीचं ठरलं. तेल-पाण्याची डाळ पिशवीत भरून विकायची. मातीची यंदा विकायची नाही; गटातल्या घरांनी वाटून घेऊन पावसाळ्यात बघायचं, भुंगा कुणाला आधी लागतो ते.

पिशवीवर काय छापायचं यावर शेवटची चर्चा. एकीने सुचवलं, "गावरान तूरडाळ" लिहू, शहरात चालतं. आत्या म्हणाली, बियाणं बदनापूरचं, गावरान कुठलं? मग "जात्यावरची तूरडाळ, पॉलिश नाही" एवढं ठरलं, आणि खाली बारीक अक्षरात: अर्धा तास भिजवा, मीठ शेवटी घाला, बोरचं पाणी टाळा. शेवटची सूचना पुण्या-मुंबईत कुणाला कळणार नाही म्हणून काढावी का, हे उद्या छापखान्यात जाईपर्यंत ठरवायचंय.